दुसरी हार्ड डिस्क उघडत नाही तेव्हा : आधी माहिती, मग दुरुस्ती

पूर्वी घरोघरी एक लोखंडी पेटी असे. जमिनीचे सातबारा उतारे, खरेदीखते, विम्याची कागदपत्रे, ठेवींच्या पावत्या आणि जुनी छायाचित्रे त्या पेटीत एकत्र नांदत. आज अनेक घरांत, दुकानांत आणि लेखापालांच्या कार्यालयांत तिची जागा संगणकातील दुसऱ्या हार्ड डिस्कने घेतली आहे. पहिल्या डिस्कवर विंडोज आणि नेहमीच्या वापरातील प्रणाली, तर दुसऱ्या डिस्कवर हिशेब, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि चित्रफिती, अशी ही विभागणी असते. ती सोयीचीही आहे. मात्र एखाद्या सकाळी संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, पडद्यावर सारे काही जागच्या जागी दिसते आणि दुसरी डिस्क मात्र उघडत नाही. तिच्यावर टिचकी मारताच 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे' अशा अर्थाची सूचना येते आणि शेजारीच होकाराचे बटण असते.

माहिती बहुधा याच क्षणी गमावली जाते. डिस्कमधील बिघडापेक्षा बिघडानंतर केलेली घाई अधिक घातक ठरते. म्हणून एक गोष्ट प्रथम मनावर ठसवून घ्यावी : डिस्क आणि डिस्कवरील माहिती या दोन भिन्न वस्तू आहेत. डिस्क बाजारात पुन्हा विकत मिळते. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची छायाचित्रे मिळत नाहीत. तेव्हा कोणतीही कृती करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : 'यामुळे डिस्कवर काही नवे लिहिले जाणार आहे काय?' उत्तर होकारार्थी असेल, तर ती कृती तूर्त करू नये.

माहिती नेमकी असते कोठे?

बँकेच्या शाखांत संगणक येण्यापूर्वीच्या जाडजूड खातेवह्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना पुढील तुलना सहज पटेल. खातेवहीच्या आरंभी अनुक्रमणिका असे. कोणाचे खाते कोणत्या पानावर, हे तीवरून कळे. समजा, अनुक्रमणिकेचे पान फाटले, तर आतील नोंदी नष्ट होतात काय? नाही. त्या शोधणे तेवढे कठीण होते.

हार्ड डिस्कचेही असेच आहे. डिस्कच्या आरंभी तिच्या विभागांची नोंद असते. प्रत्येक विभागात फाइलींची स्वतंत्र सूची असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या सूचीला 'मास्टर फाइल टेबल' म्हणतात. वीज अकस्मात गेली, केबल मध्येच निघाली किंवा डिस्कचा काही भाग निकामी झाला, तर बऱ्याचदा प्रथम ही सूचीच विस्कटते. फाइली जागेवर असूनही संगणकाला त्या सापडत नाहीत आणि तो डिस्क कोरी असल्यासारखे वागू लागतो.

'क्विक फॉरमॅट' केल्यास जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी नवी कोरी अनुक्रमणिका येते. साध्या हार्ड डिस्कवर त्यानंतरही पुष्कळ माहिती परत मिळू शकते. संपूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी आहे. विंडोज एक्सपीमध्ये संपूर्ण फॉरमॅट केवळ खराब भाग तपासत असे. विंडोज व्हिस्टापासून पुढे तो सर्व डिस्कवर शून्ये लिहितो, म्हणजे खातेवहीची पानेच पुसली जातात. फिरत्या तबकड्या नसलेल्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तर क्विक फॉरमॅटनंतरही आशा फारशी उरत नाही. कारण रिकाम्या झालेल्या जागा त्वरित मोकळ्या करण्याची 'ट्रिम' नावाची व्यवस्था तीत असते.

प्रथम काय करू नये?

१. फॉरमॅट करण्याच्या सूचनेस होकार देऊ नये. 'इनिशिअलाइज डिस्क' असे विचारणारी चौकट आल्यास तीही रद्द करावी.

२. 'चेक डिस्क' ही विंडोजमधील दुरुस्तीची आज्ञा चालवू नये. ही आज्ञा फाइलींची सूची सुसंगत करते. त्यातील माहिती वाचवणे हा तिचा मूळ हेतू नव्हे. सुसंगती साधताना ती अर्धवट नोंदी काढून टाकते अथवा त्यांचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासणीची उलटी मोजणी दिसू लागल्यास कोणतीही कळ दाबून ती थांबवावी.

३. माहिती परत मिळवून देणारी प्रणाली त्याच डिस्कवर उतरवू नये आणि परत मिळालेल्या फाइलीही तीवर साठवू नयेत. जी पाने वाचवायची, त्यांवरच नवे लिखाण केल्यासारखे ते होईल.

४. डिस्कचे झाकण घरी उघडू नये. वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा एक कणही तेथे पुरे होतो. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा ऐकीव उपायही करू नये; आत दमट हवेचे पाणी साचून हानी वाढते.

पहिली पायरी : कान द्यावा

संगणक सुरू करून डिस्कचा आवाज ऐकावा. एकसारखी मंद घरघर असेल, तर डिस्क फिरत आहे. टक्-टक् असा ठरावीक अंतराने येणारा आवाज, घासल्यासारखी करकर किंवा पुन्हा पुन्हा सुरू होऊन थांबणे, ही यांत्रिक बिघाडाची लक्षणे होत. अशा वेळी संगणक त्वरित बंद करावा आणि पुढील पायऱ्या स्वतः करू नयेत. खरचटलेल्या तबकडीवर शीर्ष जितका वेळ फिरेल, तितकी माहिती कायमची जाईल. येथे तज्ज्ञ प्रयोगशाळा हाच मार्ग आहे.

दुसरी पायरी : केबल आणि वीज

आवाज नेहमीचा असेल, तर साध्या गोष्टींपासून आरंभ करावा. संगणक बंद करून विजेची पिन काढावी. डिस्कला जोडलेल्या दोन्ही केबल, म्हणजे माहितीची आणि विजेची, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. दुसरी केबल आणि मदरबोर्डवरील दुसरी खाच वापरून पाहावी. फार जुन्या संगणकात रुंद पट्टीची केबल असल्यास डिस्कमागील 'मास्टर' व 'स्लेव्ह' ठरवणारी छोटी टोपी योग्य जागी आहे ना, हेही पाहावे.

बाहेरून जोडण्याची डिस्क असेल, तर ती कोणत्या आकाराची आहे हे महत्त्वाचे ठरते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो आणि अनेकदा बिघाड डिस्कमध्ये नसून त्या अॅडॉप्टरमध्येच असतो. अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. तिला हब किंवा लांब केबलमधून पुरेशी वीज मिळत नाही. ती संगणकाच्या मागील खाचेत, आखूड केबलने, थेट जोडून पाहावी.

यानंतर संगणकाच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजपूर्वी उघडणाऱ्या मूलभूत मांडणीच्या पडद्यावर, आतील डिस्कचे नाव व आकारमान दिसते काय ते पाहावे. तेथेच डिस्क दिसत नसेल, तर विंडोजमधील कोणतीही प्रणाली उपयोगी पडणार नाही.

तिसरी पायरी : 'डिस्क मॅनेजमेंट' काय सांगते?

विंडोजच्या स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडावे. 'इनिशिअलाइज'ची चौकट आपोआप आली, तर रद्द करावी. त्यानंतर दुसऱ्या डिस्कसमोर काय लिहिले आहे ते शांतपणे वाचून कागदावर टिपून ठेवावे.

विभाग सुस्थितीत आहे, पण अक्षर नाही : डिस्कला 'डी' किंवा 'ई' असे अक्षर मिळालेले नसते. आकारमानावरून हा आपलाच माहितीचा विभाग असल्याची खात्री करून त्याला मोकळे अक्षर द्यावे. काही शे मेगाबाइटचे छोटे विभाग विंडोजच्या अंतर्गत कामाचे असतात, त्यांना हात लावू नये. या प्रसंगात माहितीस कोणताही धोका नसतो.

'ऑफलाइन' : एका डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही डिस्क एकाच संगणकाला जोडल्या, तर दोघींची अंतर्गत ओळख सारखी असल्याने विंडोज एकीला बाजूला ठेवते. एक डिस्क काढून पाहावी.

कुलूपाचे चिन्ह : डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध आहे. नव्याने विंडोज टाकल्यानंतर ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागू लागते. हा क्रमांक बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, छापील कागदावर किंवा कार्यालयाच्या संगणक विभागाकडे असतो. तो मिळाल्याखेरीज डिस्क उघडत नाही, ही या व्यवस्थेची उणीव नसून तिचे प्रयोजनच आहे.

'परवानगी नाही' : डिस्क दुसऱ्या संगणकातून काढलेली असेल, तर असे घडते. विंडोज वापरकर्त्याला नावाने नव्हे, तर अंतर्गत क्रमांकाने ओळखते. त्यामुळे नाव तेच असूनही नव्या संगणकात आपण परके ठरतो. माहिती सुरक्षित असते. प्रशासकाच्या अधिकाराने फोल्डरचा ताबा घेऊन ती उघडता येते.

'रॉ' : विंडोजला फाइलींची सूची ओळखता येत नाही, एवढाच याचा अर्थ. फॉरमॅटची सूचना येते ती येथे. मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी ही डिस्क आली कोठून, हे आठवावे. अॅपलच्या किंवा लिनक्सच्या संगणकावर तयार केलेली निरोगी डिस्कदेखील विंडोजला वाचता येत नाही. तसेच काही यूएसबी पेट्या डिस्कवरील माहितीची मांडणी स्वतःच्या पद्धतीने करतात. त्या पेटीतून काढून थेट संगणकात बसवलेली डिस्क कोरी भासते. पुन्हा मूळ पेटीत घालताच सारे दिसू लागते.

'अनअलोकेटेड' किंवा 'नॉट इनिशिअलाइज्ड' : विभागांची नोंदच हरवली आहे. डिस्क दोन टेराबाइटहून मोठी आणि संगणक फार जुना असल्यास कारण वेगळेही असू शकते. जुनी एमबीआर नोंदपद्धती सुमारे दोन टेराबाइटच्या पलीकडे जात नाही.

आकारमान शून्य किंवा भलतेच दिसते : बिघाड डिस्कच्या इलेक्ट्रॉनिक भागात अथवा अंतर्गत प्रणालीत असण्याची शक्यता मोठी. येथे थांबावे आणि तज्ज्ञाकडे जावे.

चौथी पायरी : डिस्कची प्रकृती

आधुनिक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रणालीने ती नोंद वाचता येते. अर्थात ही प्रणाली पहिल्या डिस्कवर ठेवावी. बदललेले भाग, प्रतीक्षेतील भाग आणि न वाचता येणारे भाग या तीन नोंदींकडे, म्हणजे ०५, सी५ आणि सी६ या ओळींकडे, विशेष लक्ष द्यावे. तेथे शून्याखेरीज आकडे असतील आणि ते वाढत असतील, तर डिस्क शेवटच्या घटका मोजत आहे असे समजावे. नोंद निर्दोष असली, तरी मात्र डिस्क निरोगी असल्याची ती हमी नव्हे.

पाचवी पायरी : दुरुस्तीपूर्वी प्रत

येथे आपण लेखाच्या गाभ्याशी येतो. 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' दिसणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचा पहिला प्रयोग कधीही करू नये. प्रथम तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. मूळ दस्तऐवज कपाटात ठेवून छायाप्रतीवर खुणा करणे हा बँकेतील नित्याचा शिरस्ता आहे. तोच येथे पाळायचा.

दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणावेत. एका दुकानदाराच्या दुसऱ्या डिस्कवर सहा वर्षांचे हिशेब आहेत आणि ती 'रॉ' दाखवते. पहिल्या प्रसंगी तो थेट 'चेक डिस्क' चालवतो किंवा कोणी सांगितले म्हणून फॉरमॅट करून मग फाइली शोधू लागतो. प्रयोग फसला, तर दुसरी संधी नाही. दुसऱ्या प्रसंगी तो नवी डिस्क विकत आणतो, प्रत काढतो आणि प्रतीवर प्रयोग करतो. तो फसला, तर मूळ डिस्क जशीच्या तशी शिल्लक असते. दोन्ही प्रसंगांतील अंतर एका नव्या डिस्कच्या किमतीएवढेच आहे.

डिस्क अजून उघडत असेल, पण मंद चालत असेल, तर संपूर्ण प्रतीपूर्वी मोजक्या फाइली वाचवाव्यात. बँकेची खातेउताऱ्याची प्रत शाखेकडून पुन्हा मिळते. डिजिलॉकरमधील शासकीय दस्तऐवज पुन्हा उतरवता येतात. घरगुती छायाचित्रे, स्वतःचे लेखन आणि व्यवसायाचे हिशेब मात्र अन्यत्र कोठेच नसतात. म्हणून त्यांना अग्रक्रम द्यावा.

न उघडणाऱ्या डिस्कच्या प्रतीसाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' ही विनामूल्य प्रणाली नावाजलेली आहे. ती लिनक्सवर चालते. 'सिस्टिमरेस्क्यू' नावाचा लिनक्सचा संच पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला, तर ती आयतीच मिळते. डिस्कचे सुस्थितीतील भाग ती आधी वाचते आणि खराब भागांकडे नंतर वळते. त्यामुळे डिस्क मध्येच निकामी झाली, तरी बहुतांश माहिती हाती आलेली असते. कोठवर वाचन झाले याची नोंद ती वेगळ्या फाइलीत ठेवते, म्हणून काम थांबवून नंतर तेथूनच पुढे नेता येते.

दोन दक्षता आवश्यक. नवी डिस्क मूळ डिस्कएवढी अथवा तिच्याहून मोठी असावी. तसेच आज्ञा देताना कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे तीनदा तपासावे. दिशा उलटी झाल्यास कोरी डिस्क मूळ माहितीवर उतरेल. दोन्ही डिस्कवरील अनुक्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावेत. घाईही करू नये : सेकंदाला शंभर मेगाबाइट या वेगानेदेखील एक टेराबाइट वाचण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात, आजारी डिस्क तर कित्येक दिवसही घेऊ शकते.

सहावी पायरी : प्रतीवर दुरुस्ती

प्रत हाती आल्यावर 'टेस्टडिस्क' ही विनामूल्य प्रणाली वापरावी. हरवलेल्या विभागांच्या खुणा शोधून ती विभागांची नोंद पुन्हा उभी करू शकते. एनटीएफएस विभागाच्या आरंभीच्या बूट नोंदीची एक प्रत त्याच विभागाच्या अखेरीस ठेवलेली असते. आधुनिक जीपीटी पद्धतीतही विभागनोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. टेस्टडिस्क या राखीव प्रतींचा लाभ घेते. प्रथम तिच्यातून फाइलींची यादी केवळ पाहावी; यादी ओळखीची वाटली, तर त्या तिसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात.

सूचीच समूळ नष्ट झाली असेल, तर टेस्टडिस्कबरोबर मिळणारी 'फोटोरेक' प्रणाली हाताशी असते. छायाचित्र किंवा दस्तऐवज यांच्या आरंभीच्या ठरावीक खुणांवरून ती फाइली ओळखते. मात्र मूळ नावे व फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो निनावी फाइलींचा ढीग हाती येतो आणि तो निवडत बसावे लागते. 'चेक डिस्क'चा क्रम लागलाच, तर तो आता, तोही प्रतीवर.

मदत घेताना सावधगिरी

डिस्क प्रयोगशाळेकडे देताना अंदाजित खर्च लेखी घ्यावा. माहिती न मिळाल्यास किती शुल्क द्यावे लागेल, हे आधी विचारावे. आपल्याला हव्या असलेल्या फाइलींची यादी सोबत द्यावी. नेटबँकिंगचे पासवर्ड, एटीएम पिन अथवा ओटीपी यांची दुरुस्तीसाठी कोणालाही गरज नसते. डिस्कवर अशा नोंदी असतील, तर ती हातची जाण्यापूर्वीच पासवर्ड बदलावेत.

इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा' क्रमांक फिरवून अपरिचिताला आपल्या संगणकाचा ताबा देणे हा मोठा धोका आहे. दूरस्थ ताबा देणाऱ्या अॅपचा गैरवापर करून खात्यांतून रक्कम काढली जात असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये बँकांना दिला होता. डिस्कमधील माहिती वाचवताना खात्यातील शिल्लक जाऊ नये. असा प्रकार घडल्यास आपल्या बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकास विनाविलंब कळवावे.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

एकाच डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे दोन भाग केले, तर त्या दोन डिस्क होत नाहीत. डिस्क गेली की दोन्ही भाग जातात. दुसरी डिस्क खरोखर वेगळी असली, तरी ज्या फाइली फक्त तीवरच आहेत, त्यांची ती राखीव प्रत नव्हे, तीच मूळ प्रत होय. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा सर्वमान्य नियम पाळावा. घराबाहेरची प्रत नातेवाइकांकडे, ऑनलाइन साठ्यात किंवा बँकेच्या लॉकरमध्येही ठेवता येईल. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी यूपीएस वापरावा आणि बाहेरची डिस्क 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ओढून काढू नये. बिटलॉकरचा क्रमांक छापून ठेवावा. पण त्याच डिस्कवर नव्हे.

सन २०११पासून ३१ मार्च हा दिवस 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच आर्थिक वर्षाच्या ताळेबंदाचा दिवस. बँकेत त्या दिवशी प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. आपणही त्या दिवशी राखीव प्रतीतील चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत आणि न मोजलेली रोकड यांवर सारखाच भरवसा ठेवता येतो.

लक्षात ठेवावे असे थोडक्यात :

• फॉरमॅट, इनिशिअलाइज आणि चेक डिस्क या तिन्हींना प्रथम नकार.
• विचित्र आवाज आल्यास वीज बंद, डिस्क तज्ज्ञाकडे.
• आधी केबल व वीज, मग डिस्क मॅनेजमेंट, मग प्रकृतीची नोंद.
• दुरुस्तीपूर्वी संपूर्ण प्रत. प्रयोग केवळ प्रतीवर.
• परत मिळालेल्या फाइली नेहमी वेगळ्या डिस्कवर.
• संगणकाचा ताबा आणि बँकेची गुप्त माहिती अपरिचितास कदापि नाही.